कमी सिमेंट विकणाऱ्या काकी

सिमेंट घ्यायला आलेल्या गिऱ्हाइकाला काकी आधी बसायला लावायच्या. उभ्या माणसाला त्या सिमेंट विकतच नसत. खुर्ची पुढं सरकवायची, पाण्याचा तांब्या द्यायचा, तो पाणी पिऊन तोंड पुसेपर्यंत थांबायचं आणि मग शांतपणे विचारायचं, "घर बांधायचंय का बंकर?"

वडूजमध्ये हा प्रश्न अगदीच गैर नव्हता. आमच्या आजूबाजूच्या गावांत घराआड एक माणूस फौजेत आहे. सुट्टीवर आला की त्याला घर बांधायचं असतं, आणि बांधायचं तर असं की पुढच्या तीन पिढ्यांना त्याकडं बघायला नको. कॉलम हत्तीच्या पायासारखे, स्लॅब गादीसारखा जाड, आणि कंपाउंडची भिंत तर अशी की पलीकडून रणगाडा आला तरी तो अडावा. अशा माणसाला 'बंकर' हा शब्द बरोबर लागायचा. तो हसायचा. माणूस एकदा हसला की काकींचं निम्मं काम झालेलं असायचं.

तुमच्याही ओळखीत मागितल्यापेक्षा कमी देणारा एखादा दुकानदार असेलच. पण तो वजनात मारतो. काकी तोंडावर सांगून कमी द्यायच्या.

माझं ऑफिस त्यांच्या दुकानासमोर, रस्त्याच्या पलीकडच्या बाजूला. ऑफिस म्हणजे एक खोली, एक टेबल, एक कॉम्प्युटर आणि बाहेर घरांचे नकाशे काढून मिळतील असा बोर्ड. मी मूळची साताऱ्याची, लग्न होऊन इकडं आले. सुरुवातीला लोक दारातून आत डोकवायचे, मला बघायचे आणि साहेब कुठं गेलेत म्हणून विचारायचे. समोरून काकींचा आवाज यायचा, "त्याच साहेब हायत. जावा आत." त्यांनी ढकलले नसते, तर त्यातले निम्मे लोक परत गेले असते.

काकी पन्नाशी ओलांडलेल्या, अंगानं भरलेल्या. पदर कमरेला खोचलेला आणि भुवयांवर कायम सिमेंटची पूड, त्यामुळं त्या वयापेक्षा थोड्या जास्तच पिकलेल्या दिसत. काका फौजेत असताना त्यांनी एकटीनं हे दुकान सुरू केलं होतं. काका पूल बांधणाऱ्या पलटणीतून हवालदार म्हणून निवृत्त झाले आणि दुकानाचा टेम्पो चालवू लागले. ते फारच कमी बोलायचे. काकी म्हणायच्या, सगळं बोलणं त्यांनी वायरलेसवर संपवलंय.

पण काकी पहिल्यापासून अशा नव्हत्या. मी आले तेव्हा त्याही इतरांसारख्याच मागेल तेवढी पोती विकत. बदल झाला तो एका सहलीनं.

सिमेंटच्या कंपनीनं दुकानदारांना कारखाना दाखवायला नेलं होतं, कर्नाटकात, चुनखडीच्या खाणींच्या मुलखात. बाकीच्यांचं लक्ष हॉटेलातल्या जेवणावर आणि शेवटी मिळणाऱ्या भेटवस्तूवर होतं. काकींनी आयुष्यात पहिल्यांदाच, आपण विकतो ती वस्तू होते कशी हे पाहिलं. डोंगर फोडून आणलेला दगड, आडव्या बोगद्यासारखी गरगर फिरणारी भट्टी, आतला लालभडक जाळ. तिथल्या एका तरुण इंजिनियरला त्यांनी विचारलं की एवढा कोळसा जाळायच्या ऐवजी दुसरं काही जाळलं तर हवा एवढी बिघडणार नाही ना? तो म्हणाला, बाई, कोळसा बंद केला तरी निम्म्याहून जास्त वायू निघणारच. तो जळणातून येत नाही, दगडातून येतो. चुनखडी तापली की तिच्या पोटातला कर्बवायू सुटतो. त्याशिवाय सिमेंट होतच नाही.

परत आल्यावर त्या घरी न जाता आधी माझ्याकडं आल्या. कनवटीला बांधून आणलेला चुनखडीचा एक खडा त्यांनी टेबलावर ठेवला आणि हे खरं आहे का म्हणून विचारलं. मी म्हटलं, खरं आहे. शाळेत चुन्याच्या दगडावर आम्ल टाकून बघितलेला प्रयोग मला आठवला. त्यांनी लगेच शेजारच्या किराणा दुकानातून लिंबू मागवलं. खड्यावर पिळलं तर काहीच झालं नाही. मग मी खिळ्यानं दगड खरवडून थोडी पूड पाडली, त्यावर रस टाकला, आणि बारीक बुडबुडे फसफसून वर आले.

काकी खाली वाकून बघत राहिल्या. "दगड श्वास सोडतुया की गं," त्या म्हणाल्या.

त्या दिवसापासून दुकानात लिंबू कायमचं आलं. काउंटरवर तो खडा, शेजारी खिळा आणि अर्धं कापलेलं लिंबू. गिऱ्हाइकानं जास्त पोती मागितली की प्रयोग सुरू. लोकांना वाटायचं, दृष्ट काढायचा काही प्रकार आहे. एकानं तर स्वतःच्या नव्या गाडीला लावायला ते लिंबू मागून नेलं.

मी एकदा त्यांना विचारलं, काकी, अख्खं जग सिमेंट ओततंय. वडूजमधल्या एका दुकानानं चार पोती कमी विकली तर काय होणार आहे? त्या तेव्हा दुकानापुढची जागा झाडत होत्या. झाडता झाडता म्हणाल्या, "पोती उतरली की माझ्या दारात धूळ पडती. ती मी झाडते. वर गेल्याली धूळ दिसत न्हाई, म्हणून ती माझी न्हाई व्हय?"



पण उत्साहात त्या कधीकधी भलतीकडंच जायच्या. एकदा त्यांनी एका माणसाला पिलरमधलंच सिमेंट कमी करायला सांगितलं. तो बिचारा कौतुकानं मला सांगायला आला. मी रस्ता ओलांडून गेले आणि त्यांना जरा रागानंच सांगितलं की कॉलममधल्या मालाला हात लावायचा नाही, घर त्यावर उभं असतं. कमी करायचं तर उगाच वाढवलेली जाडी कमी करा, दोन माणसांच्या घरातल्या चार जादा खोल्या कमी करा, जिथं दगड चालतो तिथं काँक्रीट कशाला ते विचारा. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "बरं. कुठं कमी करायचं ते तू सांग. कसं पटवायचं ते माझ्याकडं लागलं."

आमची वाटणी अशी झाली आणि ती पुढं टिकली.

एका निवृत्त सुभेदारांना घराभोवती काँक्रीटची उंच भिंत हवी होती. काकींनी त्यांना पाणी दिलं, बंकरचं विचारलं, लिंबू पिळून दाखवलं. सुभेदार हलले नाहीत. मग काकींनी अगदी साध्या सुरात चौकशी केली, की वडूजवर कोण तोफा घेऊन चालून येणार आहे, तुम्हाला वरून काही बातमी आहे का? सुभेदारांच्या मिशा थरथरल्या, पण हसू फुटलंच. त्यांच्या शेतात विहीर खोदताना निघालेला काळा दगड वर्षानुवर्षं पडून होता. त्याचीच भिंत झाली. आता ते येणाऱ्या-जाणाऱ्याला ती भिंत दाखवतात आणि कल्पना आपलीच होती म्हणून सांगतात. काकी जवळ असल्या तर मान डोलवायच्या.

कंपनीचा एक तरुण प्रतिनिधी दर महिन्याला सांगलीहून यायचा. गळ्यात टाय, हातात टॅब, आणि विक्री का वाढत नाही हा प्रश्न. काकी त्याला आधी शेंगदाण्याची चटणी आणि भाकरी वाढायच्या. जेवून झालं की त्याला एवढी सुस्ती यायची की प्रश्न पुढच्या महिन्यावर जायचा.

मध्येच त्यांनी कुठंतरी ऐकलं की साखर कारखान्यात चिपाडं जाळून उरलेली राख सिमेंटमध्ये चालते. फलटणला त्यांचा भाऊ होता. काकांचा टेम्पो तिकडं गेला आणि राखेची पोती घेऊन आला. मी सांगलीला, विश्रामबागेतल्या कॉलेजात शिकवणाऱ्या मैत्रिणीकडं ती तपासायला पाठवली. तिनं कळवलं की राख नीट जळालेली नाही आणि भरड आहे, अशी चालायची नाही. चांगली जाळून बारीक दळली तर पुढचं बघता येईल. काकी थोड्या हिरमुसल्या. मग म्हणाल्या, भांडी घासायला बरी आहे, आणि गल्लीत सगळ्यांना वाटून टाकली.

वीज केंद्रातली राख मिसळलेलं सिमेंट मात्र कंपनीचंच यायचं. तपासलेलं, शिक्का असलेलं. त्यात भट्टीतला माल कमी लागतो, म्हणून दगडाचा श्वासही कमी सुटतो. मी काकींना सांगितलं होतं की घराच्या कामाला ते उत्तम आहे. त्यांनी तेच विकायचा ध्यास घेतला. पण लोकांना राख नसलेलं, त्रेपन्न ग्रेडचंच सिमेंट हवं असायचं, कारण ते पटकन घट्ट होतं. दुसऱ्याला सगळे 'राखेचं सिमेंट' म्हणायचे. राख कालवलेलं, म्हणजे भेसळीचं, अशी समजूत.

आणि एका थंडीत त्या समजुतीला पुरावा मिळाला.

जवळच्या एका गावात एका जवानाचं घर चाललं होतं. तो सीमेवर, घर बांधून घेत होती त्याची बायको. अंगानं सडसडीत, बोलायला सडेतोड. काकींनी तिला राखेचं सिमेंट दिलं होतं. स्लॅब पडला, आणि थोड्याच दिवसांत साचा लावणाऱ्या सेंटरिंगवाल्यानं खालचे टेकू काढून नेले, कारण त्याच्या पत्र्यांना दुसरीकडं मागणी होती. स्लॅब मध्यभागी खाली झुकला आणि त्यावर केसासारख्या चिरा उठल्या.

ती बाई दुकानात आली तेव्हा मी तिथंच होते. काकींनी खुर्ची पुढं केली. ती बसली नाही. "तुमच्या राखेनं माझ्या घराला पोट आलंय," ती म्हणाली, आणि आली तशी निघून गेली.

आम्ही लगेच टेम्पोनं तिच्या मागोमाग गेलो. मी स्लॅब पाहिला. घर पडणार नव्हतं, पण दुखणं खरं होतं. सिमेंटचा दोष नव्हता. टेकू फार लवकर निघाले होते. या सिमेंटला ताकद यायला एरवीच थोडे जास्त दिवस लागतात, त्यात कडाक्याची थंडी. मी हे जवानाच्या बायकोला समजावून सांगितलं. तिनं ऐकलं, पण तिचा चेहरा काही सैल झाला नाही. नवऱ्याला फोनवर काय सांगायचं एवढंच ती विचारत होती.

परतताना काका टेम्पो चालवत होते, आम्ही दोघी शेजारी बसलो होतो. काकींना धीर द्यावा म्हणून मी म्हटलं, चूक त्या सेंटरिंगवाल्याची आहे. त्या मग म्हणाल्या, "त्याची हाय. पण सिमेंट देताना मी त्या बाईला म्हणले का, ह्याला जरा दम धरावा लागतो? न्हाई म्हणले. लिंबू पिळत बसले, दगडाची गोष्ट सांगत बसले, आणि सांगायचं ते ऱ्हायलं."

मी नकाशा करून दिला आणि त्या स्लॅबखाली मधोमध एक लोखंडी गर्डर बसवून घेतला. तो काकींनी आपल्या दुकानातून पाठवला. घर सावरलं. पण गोष्ट गावोगाव गेली. फौजी माणसांचं जाळं फार मोठं. जम्मूतल्या जवानाला वडूजच्या दुकानाची बातमी वडूजकरांच्या आधी कळते. काकींच्या दुकानापुढची वर्दळ ओसरली. रिकामी खुर्ची दिवसभर ऊन खात पडायची.

एका संध्याकाळी काका म्हणाले, "मागत्यात ते दे." एवढंच. ते रागानं बोलले नव्हते. बाहेर टेम्पो धुळीनं माखून उभा होता, दिवसभर तो हललाच नव्हता.

काकींनी तरी राखेचीच पोती पुढं ठेवली. पुढच्या थंडीपर्यंत दुकान कसंबसं चाललं. मग दिवाळी झाल्यावर एके दिवशी त्या माझ्यासमोर येऊन बसल्या. "वरच्या मजल्याचा नकाशा काढ," त्या म्हणाल्या. "माझ्याच घराचा. जाड न्हाई, पातळ न्हाई, पायजे तेवढाच. आणि सिमेंट राखेचं."

दुकानाच्या मागेच त्यांचं घर होतं, भर रस्त्यावर. मुद्दाम थंडीतच काम काढायचं त्यांनी ठरवलं होतं. नवीन भिंती उभ्या राहिल्या आणि त्यावर स्लॅब पडला. काकी रोज जिन्यावरून वर जाऊन त्यावर पाणी साठवायच्या, बाळाला न्हाऊ घालावं तसं. दिवस गेले, शेजारची कामं पुढं सरकली, पण काकींच्या घरातले टेकू हलले नाहीत. सेंटरिंगवाला दोनदा विचारून गेला. रस्त्यानं जाणारे थट्टा करायचे, टेकू कायमचेच ठेवणार का म्हणून. काकी म्हणायच्या, "शिजतंय अजून. कच्चं वाढू का तुमाला?"

टेकू निघाले तेव्हा मी खालून दोरी लावून पाहिलं. स्लॅब सरळ होता. मला वाटलं, झालं. पण काकींच्या मनात वेगळंच होतं. संक्रांतीचं हळदीकुंकू त्यांनी त्या उघड्या स्लॅबवर ठेवलं, आणि आजूबाजूच्या गावांतल्या झाडून साऱ्या बायकांना बोलावणं धाडलं. त्या जवानाच्या बायकोकडं त्या स्वतः गेल्या.

बायका आल्या. काळ्या साड्या, हलव्याचे दागिने, कडेवर पोरं. काही जणी जिन्याच्या शेवटच्या पायरीवर थबकायच्या, एक पाय स्लॅबवर ठेवून अंदाज घ्यायच्या आणि मग दुसरा टाकायच्या. तिळगूळ झाला, हळदीकुंकू झालं. वाण म्हणून काकींनी प्रत्येकीला प्लॅस्टिकचा मोठा मग दिला. घरचं काम निघालं की ह्यानं पाणी मारायचं, आणि गवंड्यानं घाई केली तर हाच त्याच्या डोक्यात घालायचा, असं त्यांनी प्रत्येकीला बजावलं.

मग काकींनी पदर खोचला आणि फुगडी घालायला कोण येतंय म्हणून विचारलं.

डिझाइन माझं होतं. त्या स्लॅबवर किती भार चालतो हे मला पाठ होतं आणि तो या साऱ्या बायकांच्या वजनाहून जास्त होता. तरीही मी जिन्याच्या मोकळ्या जागेतून खाली डोकावले. खालच्या रिकाम्या खोलीच्या बरोबर मध्यभागी काका उभे होते, हात मागे बांधून, मान वर करून. मी त्यांना खुणेनं बाजूला व्हायला सांगितलं. त्यांनी मान हलवली. "आमच्यात पूल बांधला," ते म्हणाले, "की पहिली गाडी जाईस्तवर बांधणारा खाली उभा ऱ्हातो." त्यांच्या तोंडून एवढं लांब वाक्य मी त्याआधी ऐकलं नव्हतं.

वर पहिल्या दोन-तीन जोड्या फिरल्या. स्लॅब धमधमला, पण निव्वळ पायांच्या आवाजानं. जवानाची बायको कठड्याच्या कडेला उभी होती. काकी तिच्यासमोर गेल्या आणि हात पुढं केले. ती नको म्हणाली. काकींनी हात मागं घेतले नाहीत.

"तवा सांगायचं ऱ्हायलं माझं," काकी हळूच म्हणाल्या. "ते माझं चुकलं. सिमेंटाचं न्हवं."

 मग तिनं चपला काढल्या आणि काकींचे हात धरले. काकींचं वजन आणि तिचा वेग असं काही जमलं की बाकीच्या बायका मागं सरकून रिंगण करून उभ्या राहिल्या. दोघींचे केस सुटले, हलव्याचा हार तुटून दाणे सगळीकडं उडाले. थांबल्या तेव्हा दोघींनाही उभं राहता येईना. जवानाची बायको स्लॅबवर फतकल मारून बसली आणि धापा टाकता टाकता हसायला लागली. मी परत खाली डोकावले. काका तसेच उभे होते, फक्त आता भिंतीला टेकून, आणि त्यांच्या खांद्यावर वरून एकही कण पडलेला नव्हता.

त्यानंतर दुकान पुन्हा सुरळीत झालं. बायकाच नवऱ्यांना पाठवू लागल्या, कुठलं सिमेंट आणायचं आणि किती दिवस टेकू ठेवायचे हे सांगून. त्या जवानाच्या घराची जिन्याची खोली पुढच्या वर्षी झाली. तिचं सिमेंट काकींकडूनच गेलं, आणि त्याच्या बायकोनं टेकू इतके दिवस ठेवले की मलाच ते काढायला सांगावं लागलं.

गेल्या वर्षी काकींच्या मुलीला जुळी झाली. ती सांगलीत विश्रामबागेत राहते, नोकरी करते. काकी आणि काका तिच्याकडं गेले ते तिथलेच झाले. दुकान पुतण्या बघतो. पोरगा चांगला आहे, हसतमुख आहे. मागितलेली पोती मागितल्याबरोबर देतो.

परवा दुपारी एक बाई माझ्याकडं आल्या. नवरा फौजेत, घर बांधायला काढायचं होतं. पोर्च एवढा मोठा हवा होता की त्यात बस मावली असती. मी त्यांना सांगून पाहिलं. त्यांनी मान डोलावली, पण पटल्याचं काही दिसेना. समोरच्या दुकानाकडं एकदा बघून त्या म्हणाल्या, "काकी असत्या, तर त्या काय म्हनल्या असत्या?"

मला तसं बोलायला जमत नाही. मी सांगलीला फोन लावला. मुलीनं उचलला आणि दबक्या आवाजात म्हणाली, "बाळं झोपलीत आणि आईपण झोपलीय. उठवू का?"

इतक्या वर्षांत काकींना भरदुपारी झोपलेलं मी एकदाही पाहिलं नव्हतं. दोन बाळांच्या मध्ये आडव्या झालेल्या, भुवयांवर पूड नसलेल्या काकी कशा दिसत असतील, ते मला नीट डोळ्यांपुढं आणता येईना.

"नको," मी म्हटलं. "झोपू दे त्यांना."

फोन ठेवला आणि पेन्सिल घेऊन त्या पोर्चची रेघ मी दोन बोटं अलीकडं ओढली. बाई टेबलावर कोपर टेकून, पुढं वाकून त्या नव्या रेघेकडं बघत राहिल्या.